२-० वरून २-३: एफसी गोवा, २४ एप्रिल २०२४

२४ एप्रिल २०२४ च्या रात्री फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. ८९ मिनिटं संपली तेव्हा फलकावर २-० होतं. बोरिस सिंगनं १६व्या मिनिटाला आणि ब्रँडन फर्नांडिसनं ५६व्या मिनिटाला गोल केले होते. मग ९०व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटे, ९०+१ ला विक्रम प्रताप सिंग, ९०+६ ला पुन्हा छांगटे. सामना २-३ असा हातचा गेला. पाच दिवसांनी अंधेरीत मुंबईनं परतीचा सामना २-० असा जिंकला आणि एकूण ५-२ अशी सरशी साधून अंतिम फेरी गाठली.

मी गोव्याचा समर्थक आहे, आणि या पराभवाचा विषय निघाला की दोन शब्द हमखास ऐकू येतात: नशीब आणि शाप. मला दोन्ही पटत नाहीत. त्या मोसमाचे कागद समोर ठेवून बघितलं तर त्या सहा मिनिटांची बरीचशी कारणं आधीच दिसत होती. काही मैदानावर, काही गुणतक्त्यात, काही सामन्यांच्या तारखांत. ती मांडावीत असं बरेच दिवस मनात होतं.

तिसरं स्थान किती महाग पडलं

२०२३-२४ चा मोसम गोव्यासाठी चांगला होता, आणि हे मी सांत्वन म्हणून म्हणत नाही. आदल्या वर्षी संघ प्ले-ऑफपर्यंतही, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांपर्यंतही, पोहोचला नव्हता. मानोलो मार्केझ प्रशिक्षक म्हणून आले आणि संघ फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लीगमध्ये एकही सामना हरला नाही. २२ सामन्यांच्या साखळीत गोव्याचे पराभव तीनच झाले. पण ते तिन्ही फेब्रुवारीत, एकामागोमाग एक. मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड आणि केरळ ब्लास्टर्स.

यातला तिसरा सामना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २५ फेब्रुवारी, कोची. पहिल्या वीस मिनिटांतच गोवा २-० नं पुढे होता. उत्तरार्धात केरळनं चार गोल केले, त्यातले तीन शेवटच्या दहा मिनिटांत, आणि सामना ४-२ असा जिंकला. म्हणजे एप्रिलमध्ये फातोर्ड्यात जे घडलं त्याची रंगीत तालीम दोन महिने आधी होऊन गेली होती. तीच आघाडी, आणि पडझडही तशीच उशिरा, एकाला एक लागून. ज्याला आपण नंतर नशीब म्हणालो ते एकाच मोसमात दोनदा घडलं होतं.

दरम्यान बचावातला एक खांबही गेला होता. संदेश झिंगन जानेवारीत आशियाई चषकात सीरियाविरुद्ध खेळताना जखमी झाला आणि त्याचा मोसम तिथंच संपला. झिंगन म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत स्वतःच्या बॉक्समध्ये उभं राहून ओरडणारा माणूस. कोण कुणाला धरणार, कुणी पुढे सरकायचं, कुणी थांबायचं हे तो सतत सांगत असतो. तो असता तर निकाल वेगळा लागला असता असं मी म्हणणार नाही. पण नव्वदाव्या मिनिटाला गोल खाल्ल्यावर पुढच्या साठ सेकंदांत दहा खेळाडूंना जागेवर आणणारा आवाज लागतो, आणि त्या रात्री तो आवाज स्टेडियमच्या बाहेर होता.

आता गुणतक्ता. मोहन बागान ४८, मुंबई ४७, गोवा ४५. नियम असा होता की पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जाणार आणि तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना एक जादा बाद सामना खेळावा लागणार. मुंबईपेक्षा दोन गुण कमी पडले म्हणून गोव्याला २० एप्रिलला चेन्नईयिनशी झुंजावं लागलं. तो सामना २-१ नं जिंकला, आणि लगेच चार दिवसांनी मुंबई समोर. मुंबईचा शेवटचा लीग सामना १५ एप्रिलचा. कोलकात्यात मोहन बागानकडून २-१ नं हरून त्यांची लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी ढाल, हातातून निसटली होती. त्यानंतर त्यांना नऊ दिवस मिळाले. दुखरे पाय बरे करायला, आणि शील्ड गेल्याचा राग साठवायलाही.

एप्रिलअखेरचा गोवा ज्यानं अनुभवला आहे त्याला या चार आणि नऊ दिवसांच्या फरकाचं मोल सांगायला नको. सूर्य बुडाला तरी हवेतला दमटपणा हटत नाही. सत्तराव्या मिनिटानंतर खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे दिसतात. फेब्रुवारीत घालवलेल्या गुणांपैकी तीन जरी जमेला असते, तरी २० एप्रिलचा सामना खेळावाच लागला नसता.

स्टँडमधून

मी मामांबरोबर गेलो होतो. मामा तरुणपणी गावच्या संघातून खेळलेले आणि डेम्पो या गोव्यातल्या जुन्या क्लबचे चाहते. आयएसएलच्या आधी, आय-लीग ही देशातली मुख्य लीग होती त्या काळात, डेम्पोचा सामना आणि घरचं कार्य एका दिवशी आलं तर ते कार्यात उशिरा पोहोचायचे. ८० मिनिटं झाल्यापासून ते बसले नव्हते. आजूबाजूला पोरं नाचत होती, 'फोर्सा गोवा'चा घोष चालू होता, आणि मामा मात्र कठड्याला धरून एकच ओरडत होते, "बॉल व्हर रे कोर्नराक!" कोपऱ्यात ने चेंडू, तिथं धरून ठेव, अंगावर फाऊल घे, थ्रो-इन मिळव. ज्यांनी गावच्या मैदानावर एका गोलाची आघाडी राखत सामने काढले आहेत त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

पहिला गोल झाला तेव्हा स्टेडियम फारसं हललंही नाही. २-१, वेळ संपलेली. काही लोक पार्किंगमधली गर्दी टाळायला पायऱ्या उतरू लागले होते. दुसरा गोल इतक्या लवकर आला की बऱ्याच जणांना आधी वाटलं, पहिल्याचाच रिप्ले मोठ्या पडद्यावर लागलाय. मग मुंबईच्या खेळाडूंची धावपळ दिसली आणि कळलं. तिसऱ्या गोलानंतर मामा खाली बसले. "चल" म्हणाले, आणि मडगाव ओलांडेपर्यंत दुसरा शब्द बोलले नाहीत.

तीन गोल, तीन वेगळे प्रश्न

हे तीन गोल आपण एकाच दमात मोजतो, म्हणून ते एकच दुर्घटना वाटतात. मला ते वेगळे करून बघायचे आहेत.

पहिला गोल कुणालाही बसू शकतो. दोन गोलांनी पुढे असलेला संघ शेवटच्या टप्प्यात मागे सरकतोच, जगातल्या कुठल्याही लीगमध्ये. आणि समोर छांगटे असताना, देशातल्या सगळ्यात वेगवान आक्रमकांपैकी एक, बॉक्सजवळ त्याला एक मोकळा क्षण मिळाला की गोल होतो. त्या गोलाबद्दल मला गोव्याकडून काही उत्तर नको आहे.

दुसरा गोल मात्र साठ-सत्तर सेकंदांत आला आणि या प्रकरणाचा गाभा तिथं आहे. गोल खाल्ल्यावर खेळ पुन्हा कुठून सुरू होतो? मध्यरेषेवरून, आणि चेंडू असतो गोल खाणाऱ्या संघाच्या पायात. गोवा तेव्हाही २-१ नं पुढे होता. घाई मुंबईला होती. तरीही पुढच्या एका मिनिटात चेंडू गेला, मुंबई पुन्हा आत आली आणि गोल झाला. यात थकवा आहे हे नक्की, पण फक्त थकवा नाही. सामना हातात आहे या समजुतीतून सामना निसटतोय या भीतीपर्यंत अकरा माणसं एकाच क्षणी जाऊन पोहोचली. अशा वेळेसाठी संघांनी काही ठरवून ठेवलेलं असतं: चेंडू थेट पुढच्या कोपऱ्यात लांब मारायचा, गोलरक्षकानं वेळ घ्यायचा, एखाद्यानं बसकण मारून खेळ थांबवायचा. बघायला हे सुंदर नसतं. माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांच्या काळापासून गोव्यानं सुंदर खेळण्याची ओळख कमावली आहे आणि मला तिचा अभिमान आहे. फेरान कोरोमिनास, एदू बेदिया, ब्रँडन यांना एकमेकांत पास देताना बघणं हा माझ्या आयुष्यातला खरा आनंद होता. पण चेंडू मारून लावणं म्हणजे कमीपणा, अशी एक समजूत त्या अभिमानाबरोबर आपल्यात, प्रेक्षकांतसुद्धा, मुरली आहे. नव्वदाव्या मिनिटाला कुणी चेंडू थेट स्टँडमध्ये भिरकावला तर आपणच हुर्यो करतो.

आणि तिसरा गोल. हा मला आजही सगळ्यात जास्त बोचतो. २-२ झाल्यावर पाच मिनिटं गेली. पाच मिनिटं म्हणजे धक्का ओसरायला पुरेसा वेळ. दोन सामन्यांची लढत होती, बरोबरीत सुटलो असतो तरी अंधेरीत दोघांना समान संधी राहिली असती. दोन गोल पुढे असताना २-२ म्हणजे अपयश वाटतं. पण त्या क्षणी हिशेब नव्यानं मांडून २-२ हीच आपली कमाई मानणं आवश्यक होतं. ते झालं नाही. मुंबईला जिंकायचं आहे हे ९०+६ पर्यंत स्पष्ट दिसत होतं. गोव्याला काय हवं आहे ते मला वरून कळत नव्हतं.

त्या रात्री उशिरा अंधेरीहून माझ्या आतेबहिणीचा फोन आला. ती मुंबई सिटीची. बोलणं थोडंच झालं, पण एक वाक्य तिनं आग्रहानं म्हटलं, "दादा, आमची पोरं चांगली खेळली एवढं तरी म्हण. तुमचं नशीब फुटलं असं नको म्हणूस." मी म्हटलं, खेळली. आणि ते खरंच आहे. ऐन मोसमात, नोव्हेंबरमध्ये, त्यांचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेले, पेत्र क्रातकी आले, शील्ड शेवटच्या दिवशी गेली, आणि तरी दोन गोलांनी मागे असताना नव्वदाव्या मिनिटाला हा संघ धावत होता. आपण नशीब म्हणतो तेव्हा त्या धावण्याची किंमत शून्य करतो.

अंधेरी

२९ एप्रिलच्या सामन्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फक्त एक गोष्ट लोक विसरतात: ६९व्या मिनिटापर्यंत तिथं ०-० होतं. एक गोल, आणि एकूण बरोबरी झाली असती. मग पेरेरा दियाझचा गोल आला, ८३व्या मिनिटाला छांगटेचा. ४ मे रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ नं हरवून मुंबई विजेती झाली आणि चषक उचलला त्यांचा कर्णधार राहुल भेकेनं.

भेके, मेंडोझा, छेत्री

शाप म्हणणाऱ्यांकडे पुरावे आहेत, ते मी नाकारत नाही. हाच मुंबईकर भेके १७ मार्च २०१९ ला बंगळुरूकडून खेळत होता. अंधेरीचंच मैदान, आयएसएलची अंतिम लढत, अतिरिक्त वेळ. अहमद जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला, दहा जणांचा गोवा पेनल्टीपर्यंत तग धरू पाहत होता. ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेनं डोकं लावलं. ०-१.

त्याआधी २० डिसेंबर २०१५, फातोर्ड्यातलीच अंतिम लढत, झिको प्रशिक्षक. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलानं गोवा २-१ नं पुढे गेला. ९०व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या अंगाला लागून चेंडू आत गेला, ९०+२ ला चेन्नईयिनच्या मेंडोझानं गोल केला. त्याच सामन्यात कट्टीमनीनं पेनल्टी अडवली होती, ती आता कुणाला आठवतही नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पेनल्टी शूटआऊटमध्ये २०१४ ला कोलकात्याच्या एटीकेकडून आणि २०२१ ला मुंबईकडून उपांत्य फेरी हरलो, ते वेगळं. आणि २०२४ नंतरही हे थांबलं नाही. ६ एप्रिल २०२५, बंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा परतीचा सामना, पुन्हा फातोर्डा. पहिला सामना ०-२ असा हरलेला. बोर्हा हेरेराचा गोल, ८८व्या मिनिटाला आर्मांडो सादिकूचा, एकूण २-२, अतिरिक्त वेळ समोर दिसतोय. ९०+२ ला सुनील छेत्रीचं हेडर. चाळिशीतला छेत्री.

२०१५, २०१९, २०२४, २०२५. यादी अशी ओळीनं लिहिली की शाप दिसतो खरा. पण चार वेगळे संघ, तीन वेगळे प्रशिक्षक, आणि चारही वेळा बॉक्समध्ये उशिरा आलेल्या चेंडूपुढे आपली माणसं अपुरी पडली. त्यातल्या दोन वेळा, २०१५ मध्ये आणि २०२५ मध्ये, गोव्यानं स्वतः उशिरा गोल केला होता आणि त्या आनंदाच्या तीन-चार मिनिटांतच उलट गोल खाल्ला. यात मला मांत्रिकाचं काम दिसत नाही. आपण गोल करतो, स्टेडियम डोक्यावर घेतो, खेळाडूही त्या लाटेवर पुढे जातात, आणि मागे जागा मोकळी पडते. यात आपण प्रेक्षकही आलो. त्या दोन मिनिटांत खेळ थंड व्हायला हवा, पण आपला आवाज तो थंड होऊ देत नाही.

हे एवढं का लागतं

गोव्यात फुटबॉलचा पराभव नवा नाही. डेम्पो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग, वास्को. इतके संघ होते की दर आठवड्याला कुणी ना कुणी हरायचंच. डेम्पोनं पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणलं, त्यांच्या प्रत्येक विजयात शेजारच्या घरी साळगावकरवाला तोंड पाडून बसायचा. दुःख वाटलेलं होतं, आणि त्याच घरात चिडवणारा कुणीतरी असायचा, त्यामुळे ते सोमवारपर्यंत विरून जायचं. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. पेडण्यापासून काणकोणपर्यंतची सगळी निष्ठा हळूहळू एकाच नारिंगी जर्सीवर येऊन ठेपली. आता एफसी गोवा हरला की अख्खं घर एकाच वेळी हरतं, चिडवायलाही कुणी उरत नाही. मामांचं त्या रात्रीचं गप्प बसणं मला तिथून आलेलं वाटतं. डेम्पो हरल्यावर ते असे कधी गप्प बसले नव्हते. भांडायला घरातच माणूस होता.

म्हणून मोसम संपल्यावर ब्रँडन मुंबई सिटीकडे गेला तेव्हा लोकांना जास्तच लागलं. सात वर्षं आपल्याकडे खेळलेला, आपल्या मातीतला माणूस, आणि त्या सामन्यात आपला दुसरा गोल त्याचाच. काहींनी त्याच्याबद्दल वाईट बोलून घेतलं. मला ते आवडलं नाही. व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द छोटी असते. लोबेरांबरोबर मंदार राव देसाईही २०२० मध्ये तिकडेच गेला होता, म्हणून त्याच्या गोव्यातल्या वर्षांचं मोल कमी झालं नाही. ब्रँडननं दिलेली सात वर्षं फातोर्ड्यानं टाळ्या वाजवूनच परत करायला हवीत.

नंतर

आयएसएलचा चषक गोव्याकडे आलेला नाही. २०१९-२० ची लीग शील्ड, २०१९ आणि २०२५ चे सुपर कप, २०२१ चा ड्युरँड कप हे सगळं आहे, आणि शील्डला मी चषकापेक्षा कमी मानत नाही; पूर्ण साखळीत सगळ्यांच्या वर राहणं हे नव्वद मिनिटांच्या नशीबवान रात्रीपेक्षा अवघड काम आहे. पण प्ले-ऑफ वेगळी परीक्षा घेतो आणि त्या परीक्षेचा अभ्यास वेगळा करावा लागतो. प्ले-ऑफ बंद करा, फक्त साखळी ठेवा, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता, आणि शील्ड गमावलेल्या मुंबईनं त्याच नियमाखाली उठून दाखवलं.

सुपर कपच्या विजेतेपदामुळे गोव्याला आशियाई चॅम्पियन्स लीग टूच्या पात्रता सामन्याची संधी मिळाली. १३ ऑगस्ट २०२५, फातोर्डा, समोर ओमानचा अल सीब. गोवा २-० नं पुढे गेला. अल सीबनं तासाभराच्या खेळानंतर एक गोल परत केला, २-१. पुढचा अर्धा तास बघताना माझे हात गार पडले होते. मार्केझच प्रशिक्षक होते, मैदान तेच होतं. चेंडू दूर मारला गेला, वेळ घेतला गेला, एकेक थ्रो-इन मागून मिळवला गेला, आणि या वेळी स्टँडमधून त्यावर टाळ्या पडत होत्या. सामना २-१ वरच संपला आणि गोवा गट फेरीत गेला. मामा शेवटच्या शिट्टीपर्यंत कठडा सोडायला तयार नव्हते. त्यानंतर मात्र मडगावपर्यंत ते सलग बोलत होते, आणि त्यातलं निम्मं बोलणं डेम्पोबद्दल होतं.